सगळे रिपोर्ट नॉर्मल

सुधीर, आपल्या वादात मी हरलो असं लिहून द्यायला मी तयार आहे, पण तू जिंकलास असं काही माझ्याच्यानं म्हणवत नाही. चौदा वर्षं आपण भांडलो. माणसाला एखादी गोष्ट सुंदर का वाटते, खाताना, ऐकताना सुख का होतं, हे विज्ञान सांगू शकतं की नाही, यावर. तू म्हणायचास, आज ना उद्या सगळं मोजता येईल. मी म्हणायचो, मोजशील रे, पण मोजलंस म्हणजे तुला कळलं असं नाही. तुला जाऊन तेवीस दिवस झाले आणि आता या वादाचं काय करायचं ते मला समजत नाही.

ऑफिसनं तुझ्यावर एक ईमेल काढली. तुझा फोटो, तुझी डिग्री, तुझा हुद्दा. सगळं बरोबर होतं आणि त्यात तू कुठेच नव्हतास. तू जेवताना गुणगुणायचास हे त्यात नव्हतं. माझं नाव खाली होतं, 'शोकाकुल सहकारी' म्हणून. मी ती पुसून टाकली.

इथे आखातात, जेबेल अलीच्या त्या रंगाच्या कारखान्यात आपली जोडी म्हणजे चेष्टेचा विषय होती. तू पुण्याचा, फिजिक्समधला एम.एस्सी. मी इचलकरंजीचा, कापड रंगवायच्या कारखान्यात वाढलेला, बारावीनंतर कॉलेजचं तोंड न पाहिलेला. तुझ्याकडे मशीन, माझ्याकडे डोळे. भिंतीच्या रंगाची बॅच तयार झाली की तिचा नमुना पट्टीवर लावून वाळवायचा आणि तू तो मशीनखाली धरायचास. गिऱ्हाईकाची शेड आणि आपली शेड यांच्यातला फरक मशीन एका आकड्यात सांगायचं. आकडा एकच्या आत असला की पास. मग ती पट्टी माझ्याकडे यायची. मी लाईट बॉक्समध्ये, ठरावीक उजेडात बघायचो, शंका आली तर बाहेर उन्हात न्यायचो. दोघांच्या सह्या झाल्याशिवाय बॅच बाहेर जायची नाही.

कितीदा तरी तुझा आकडा झकास असायचा आणि मी पट्टी परत तुझ्या टेबलावर आपटायचो.

"हे मेलेलं दिसतंय."

"मेलेलं म्हणजे काय? व्याख्या कर."

"व्याख्या कसली मर्दा, बघ की जरा!"

"मला पॉइंट सिक्स दिसतंय. लिमिटमध्ये आहे."

तू चिडायचास, पुणेरी पद्धतीनं, म्हणजे आवाज न चढवता. पण बॅच थांबवायचास. मला न सांगता तू आणखी एक केलं होतंस. नवा मॅनेजर आला आणि म्हणाला, एवढं महागाचं मशीन असताना या माणसाच्या डोळ्यांना पगार कशाला? तेव्हा तू दोन पानी नोट लिहिलीस, की शेवटी रंग माणसानं बघायचा असतो, मशीननं नाही. मला हे वर्षभरानं कळलं. विचारलं तर म्हणालास, "सेंटिमेंटल होऊ नकोस. डेटा होता म्हणून लिहिलं." त्या दिवशी परतीच्या वाटेवर मी गाडीत तुझ्याशी एक शब्द बोललो नाही, कारण बोललो असतो तर रडलो असतो. आभार मानायचे राहिले ते राहिलेच.

ते वयस्कर इमिराती गृहस्थ आठवतात तुला? रुमालात गुंडाळून गिलाव्याचा ढलपा घेऊन आले होते. वडिलांचं खाडीकाठचं घर पाडलं, त्याच्या आतल्या भिंतीचा तुकडा. नव्या व्हिलातल्या बैठकीला हाच रंग हवा होता. तू मशीनवर असा जुळवलास की फरक जवळजवळ शून्य. त्यांनी पट्टी हातात घेतली, ढलप्याशेजारी धरली, आणि आपल्यापेक्षा चांगल्या हिंदीत म्हणाले, "रंग तो यही है. लेकिन ये वो नहीं है." तीन वेळा असं झालं. शेवटी मी त्यात थोडा पिवळा घातला, किंचित तांबडा, अगदी अंदाजानं. मशीन म्हणालं, नापास. त्यांनी ओल्या पट्टीवर सगळा तळवा टेकवला. "खलास. यही है." तळव्याला रंग तसाच ठेवून ते गाडीत जाऊन बसले आणि बराच वेळ गाडी हलली नाही.

मी तुझ्याकडे बघितलं. तू वहीत आकडा लिहीत होतास.

"यात गूढ काही नाही, दत्ता. माणसाला आठवतो तो रंग खऱ्यापेक्षा जरा गडद असतो. त्यांच्या आठवणीतला फरक आपण आज मोजला. तीन पॉइंट दोन."

"आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते किती पॉइंट?"

"तेही सापडेल," तू म्हणालास. "इन्शाल्ला." आणि स्वतःच्याच विनोदावर हसलास.

शनिवारी सकाळी आपण देऱ्याच्या मासळी बाजारात जायचो. मेधावहिनींच्या स्वयंपाकघरात अंडंसुद्धा चालत नाही, त्यामुळे तुझी सुरमई आमच्याकडे. संगीता तव्यावरून थेट ताटात वाढायची आणि दुसऱ्या घासाला तुझं गुणगुणणं सुरू व्हायचं. धड राग नाही, धड गाणं नाही, नाकातल्या नाकात. मी म्हणायचो, हे मोज की लेका. तू तोंडात घास असतानाच बोट वर करून कपाळाकडे दाखवायचास. इथे आत काही रसायनं, काही तारा, बाकी काही नाही.

"हे कळल्यावर मजा कमी होत नाही का हो, भाऊजी?" संगीतानं एकदा विचारलं.

"उलट वाढते, वहिनी. अजून एक तुकडी वाढा."

हे मात्र कबूल केलं पाहिजे. विज्ञानानं जगातली गंमत जाते असं म्हणणारे लोक तुझ्यासोबत जेवलेले नसतात.

ऑक्टोबरातली ती सकाळ. मी नेहमीसारखं तुला डिस्कव्हरी गार्डन्सच्या तुझ्या बिल्डिंगखालून घेतलं. सिग्नलला थांबलो असताना तू म्हणालास, "दत्ता, एक विचारू? तुला खाताना मजा येते?"

"म्हणजे काय?"

"मला चव लागते. तिखट, आंबट, सगळं नीट लागतं. पण त्याच्यापुढे जे व्हायचं ते होत नाही. मजा येत नाही." पुढे म्हणालास, "परवा आमच्या इरानं व्हायोलिन वाजवलं. प्रत्येक सूर जागेवर होता, मला कळत होतं. छान वाटलं नाही. वाईटही वाटलं नाही."

तू हे गिऱ्हाईकाची तक्रार वाचून दाखवावी तसं सांगितलंस. मी काय केलं? "पन्नाशी आली मर्दा, अजून काय!" म्हणालो आणि एसी वाढवला. सिग्नल सुटला होता.

त्या शनिवारी तू ताट चाटूनपुसून संपवलंस. तू गेल्यावर संगीता म्हणाली, "भाऊजी आज गुणगुणले नाहीत." मी म्हणालो, मासा शिळा असेल.

तू तुझ्या स्वभावाप्रमाणे जाऊन रक्ताच्या सगळ्या तपासण्या करून आलास आणि त्याचे कागद लॅबमध्ये माझ्यासमोर पसरलेस. आपण ते बॅचचा रिपोर्ट वाचावा तसे वाचले. डावीकडे तुझा आकडा, उजवीकडे लिमिट. थायरॉईड पास. शुगर पास. बी ट्वेल्व्ह पास. ड जीवनसत्त्व कमी, पण ते इथे कुणाचं कमी नसतं? एवढ्या उन्हाच्या देशात आपण सगळे काचेआड जगतो. डॉक्टर म्हणाले होते, कामाचा ताण आहे, मन जरा उदास आहे, या गोळ्या घ्या.

"सगळं लिमिटमध्ये आहे," तू म्हणालास.

"मग खलास," मी म्हणालो.

सुधीर, हे मला रोज आठवतं. चौदा वर्षं मी तुझे पास झालेले नमुने 'मेलेलं दिसतंय' म्हणून परत आणले. आणि तू स्वतः माझ्यासमोर बसून सांगत होतास की आकडे बरोबर आहेत पण आत काहीतरी मेलंय, तेव्हा मी न बघता सही केली. भिंतीच्या रंगासाठी तुला उन्हात नेलं असतं, तुझ्यासाठी खुर्चीवरून उठलोसुद्धा नाही. आणि तुझाही मला राग येतो. तुला ते जाणवत होतं ना? मग कागदापुढे मान का तुकवलीस? ऐन वेळी आपण दोघांनी बाजू बदलल्या, आणि दोघांनाही ते कळलं नाही.

आता जे तुला कधीच सांगितलं नाही ते सांगतो. नोव्हेंबरात मेधावहिनींचा मला फोन आला होता.

"भाऊजी, हे नुसते बसून असतात हो. टीव्ही बंद असला तरी त्याच्यासमोर बसतात. ओरडत नाहीत, रडत नाहीत, काही नाहीच. डोक्याचा फोटो काढायचा म्हटलं तर इथले डॉक्टर गरज नाही म्हणतात. मी पुण्याला घेऊन जाऊ का ह्यांना?"

"वहिनी, मी स्वतः रिपोर्ट बघितलेत. सगळे नॉर्मल आहेत. इराचं बारावीचं वर्ष, कशाला धावपळ? होईल ठीक."

"तुम्ही म्हणताय तर राहू दे," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो म्हणून राहिलं. जानेवारीत तुला लॅबमध्ये, लाईट बॉक्ससमोर फिटचा झटका आला आणि तू माझ्या अंगावर कोसळलास. तोपर्यंत दोन महिने गेले होते.

त्या दुपारी तुझ्या डोक्याचा फोटो निघाला. कपाळामागे, तू घास चावत बोट दाखवायचास जवळजवळ त्याच जागी, लिंबाएवढी गाठ होती. वहिनी बाहेर बाकावर बसल्या होत्या. तू मात्र डॉक्टरांना म्हणालास, "कॅन आय सी इट?" त्यांनी स्क्रीन तुझ्याकडे वळवला. ते गेल्यावर तू मला जवळ बोलावून समजावलंस, एखाद्या नव्या माणसाला मशीन समजवावं तसं.

"हा बघ, हा भाग दाबला गेलाय. म्हणून मजा येत नव्हती. मी आळशी झालो नव्हतो, वेडाही झालो नव्हतो. कारण आहे, दत्ता. दिसतंय."

"हो रे."

"म्हणजे मी बरोबर होतो. चौदा वर्षं. सुख इथेच कुठेतरी असतं, आणि इथे बिघडलं की जातं."

"हो. तू बरोबर होतास."

मग माझ्याकडे वळून म्हणालास, "आता मला आनंद व्हायला पाहिजे ना? मी जिंकलो. पण काहीच होत नाहीये रे."

तुझं सुख का गेलं ते त्या पडद्यावर स्वच्छ दिसत होतं. काय गेलं ते तिथे नव्हतं, ते मला फक्त तुझ्या तोंडून कळत होतं, आणि तू ते ऑक्टोबरपासून सांगत होतास. हा मुद्दा माझ्या बाजूचा होता. असला मुद्दा मला नको होता, सुधीर. तो मी मांडलाही नाही.

मेंदूची सूज उतरेपर्यंत ऑपरेशन करायचं नव्हतं. ते नऊ दिवस मी रोज दुपारी तुझ्याकडे यायचो. इरा शाळा सुटल्यावर चारच्या सुमाराला पोचायची. साडेतीन झाले की तू मला वेळ विचारायला लागायचास. पलंगाची पाठ वर करायला लावायचास, ओल्या रुमालानं तोंड पुसून घ्यायचास. ती दारातून आत आली की तू हसायचास. मोठं, तोंडभर. ती तिचं काहीबाही सांगायची, तू योग्य जागी मान हलवायचास, योग्य जागी पुन्हा हसायचास. ती गेली की तुझा चेहरा एकदम रिकामा व्हायचा.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी म्हणालो, पोरगी आली की बरं वाटतं ना?

"नाही," तू म्हणालास. "ती आली की मला माहीत असतं, इथे आनंद व्हायचा असतो. जागा ठाऊक आहे. येत काही नाही. म्हणून हसतो. तिला सांगू नकोस."

"नाही सांगत."

"शब्द दे."

मी दिला. मला तेव्हा तुझी इतकी दया आली, आणि इतका अभिमान वाटला, की तोंड लपवायला मी पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर गेलो.

ऑपरेशननंतर तू डोळे उघडले नाहीस. जेबेल अलीच्या स्मशानात तुला नेलं त्या सकाळी धुळीचं वारं सुटलं होतं. सगळं आभाळ फिकट पिवळं, त्यात सूर्य पांढऱ्या चकतीसारखा. फार सुंदर होतं. तुझ्या तिरडीला खांदा दिलेला असताना मला ते सुंदर वाटलं याची मला लाज वाटली. कुणाला सांगितलं नाही, तुलाच सांगतोय.

सर्जनना मी गाठून विचारलं होतं, दोन महिने आधी कळलं असतं तर? ते म्हणाले, ही गाठ फार वेगानं वाढणारी असते, नक्की काहीच सांगता येत नाही. मी काही दिवस 'वेगानं वाढणारी' हे शब्द धरून बसतो, काही दिवस 'सांगता येत नाही' हे.

गेल्या आठवड्यात मेधावहिनींसमोर जाऊन बसलो. इराची परीक्षा होईपर्यंत त्या दोघी इथेच आहेत. अस्थी वहिनींचे भाऊ घेऊन गेले. वहिनी तुझ्या शर्टांच्या घड्या घालत होत्या. मी म्हणालो, वहिनी, तुम्ही फोन केलात तेव्हा मी जे बोललो त्याबद्दल माफी मागायचीही माझी लायकी नाही. त्यांनी हातातली घडी पूर्ण केली.

"भाऊजी, मी तुम्हालाच का फोन केला सांगू? माझ्या भावाला केला असता तर तो म्हणाला असता, पहिल्या विमानानं या. मला ते ऐकायचं नव्हतं. मलाही नॉर्मलच ऐकायचं होतं."

मग त्यांनी पुढचा शर्ट घेतला. मला त्यांनी माफ केलं की नाही ते मला कळलं नाही, आणि विचारायची हिंमत झाली नाही.

काल पुन्हा गेलो, डबा द्यायला. वहिनी खाली गेल्या होत्या. इरा डायनिंग टेबलावर पुस्तक उघडून बसली होती. तू गेल्यापासून ती रडलेली नाही. आल्यागेल्याला पाणी देते, थँक यू म्हणते, परत पुस्तकात बघते. वहिनींना त्याचीच धास्ती आहे. मी डबा ठेवून निघालो तर म्हणाली, "काका, कॅन आय आस्क यू समथिंग? बट डोन्ट बी नाइस."

मी बसलो.

"हॉस्पिटलमध्ये. व्हेन आय केम. वॉज ही हॅपी टू सी मी? ऑर वॉज ही जस्ट स्मायलिंग?"

पोरीनं बघितलं होतं, सुधीर. पहिल्या दिवसापासून तिला दिसत होतं. माझ्या जिभेवर 'हो गं, खूप हॅपी' अगदी तयार होतं. किती सोपं होतं. तिलाही बरं वाटलं असतं, मलाही, आणि तुला दिलेला शब्दही राहिला असता. पण तुझ्या आत काय चाललंय असं तुझ्या घरातून मला याआधी एकदा विचारलं गेलं होतं, आणि तेव्हा मी सगळ्यांना बरं वाटेल तेच सांगितलं होतं.

"नाही," मी म्हणालो. "त्याला आनंद होत नव्हता. त्या गाठीमुळे त्याला कशाचाच होत नव्हता. तो मुद्दाम हसायचा."

"फॉर मी?"

"तुझ्यासाठी. साडेतीनपासून तयारी करायचा."

"एव्हरी डे?"

"नऊही दिवस."

तिनं पुस्तक मिटलं. दोन्ही हात पुस्तकावर ठेवले. मग ती रडली, टेबलावर डोकं ठेवून, मोठ्यानं. मला वाटलं, मी पुन्हा चुकलो. मी उठून तिच्या पाठीवर हात ठेवला. बऱ्याच वेळानं तिनं तोंड वर केलं.

"काका," ती म्हणाली, "किती दमला असेल बाबा."